मोठ्याने नको, समोर बसून बोला

"मॅडम, बाबांना ऐकू कमी येतं. अशी माणसं लवकर जातात असं वाचलं. खरं का?" गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, कुठूनही माणसं येवोत, हल्ली हा प्रश्न ठरलेला.

बातमी अर्धीच पोचली आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट हेल्दी लाँजेव्हिटी'त अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऐकू कमी येणाऱ्यांपैकी जे श्रवणयंत्र नियमित लावत, त्यांच्यात मृत्यूचा धोका कधीच न लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसला. अधूनमधून लावणाऱ्यांत फरक दिसला नाही. यंत्रानेच आयुष्य वाढलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण ऐकू येईना की माणूस आधी फोन टाळतो, मग देवळातलं भजन, मग सगळ्यांबरोबरचं जेवण; हे मी वर्षानुवर्षं पाहतेय.

चौऱ्याहत्तरीचे एक आजोबा आठवतात (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). जन्मभर गणेश चवथीच्या आरत्यांना घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, वाजवलेलं. "हवं तेवढंच ऐकतात!" मुलगा माझ्यासमोरही ओरडूनच सांगत होता. आजोबा भिंतीकडे बघत बसलेले.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "घुमट ऐकू येतं?"

"घुमट येतं. आरतीचे शब्द येत नाहीत."

वयामुळे आधी जातात ते बारीक, उंच आवाज. स, श, फ, त ही अक्षरं निसटतात, जाड आवाज राहतो. म्हणून 'हवं तेवढंच' हा आरोप अन्यायाचा आहे.

मी पंखा बंद केला. मुलाला समोर बसवलं आणि नेहमीच्या आवाजात, सावकाश बोलायला सांगितलं.

"बाबा, यंदा आरतीला बसाल ना?"

आजोबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू रागावलेला नाहीस?"

मुलगा रडायलाच लागला. त्या दिवशी मलाही नवं काही समजलं. ओरडताना शब्द फाटतात, चेहरा आक्रसतो; आणि ज्याला शब्द कळत नाहीत तो चेहरा वाचतो. हे आजोबा चार वर्षं घरात राग वाचत होते. दुखणं कानाचं असलं तरी मी आधी नातं तपासते, ते यासाठीच.

कानाची तपासणी मात्र टाळू नका. एखादा कान एकाएकी बंद पडला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यंत्र घेतल्यावर सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा आवाजही डोक्यात जातो, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र कपाटात जातं. या आजोबांचंही गेलं होतं. मग सुनेने वेळ ठरवून दिली: पहिल्या आठवड्यात शांत खोलीत रोज एक तास, पुढे थोडी थोडी वाढ. रोजचे तास ती कॅलेंडरवर लिहायची.

चवथीच्या चौकटीत आकडा नव्हता. आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'आरत्या संपेपर्यंत'.