फ्लॉरेन्सची सकाळची पायी फेरी: आई-बाबांना घेऊन जावं का?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरच्या मध्यात फ्लॉरेन्सला दोनच रात्री आहेत, सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत, तर सकाळी सातची गाईडबरोबरची पायी फेरी घ्यावी की सगळ्यांची झोप होऊ देऊन दहाला आरामात निघावं. सातचीच घ्या. झोप दुपारी काढा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकराची फेरी घेतली होती. चाळीस जणांचा घोळका आणि पुढे झेंडा उंच धरून पळणारा गाईड. सासूबाई एका पायरीवर टेकल्या आणि तेवढ्यात घोळका दिसेनासा झाला. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण इतक्या लांब येऊन त्यांनी फक्त लोकांच्या पाठी पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साडेसहालाच बाहेर पडलो आणि खरं शहर तेव्हा दिसलं. त्यानंतर चार वेळा गेले, दर वेळी पहाटेच.

ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायच्या आधी तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सातला तुम्ही झुंजुमुंजूत निघाल आणि दुओमोपाशी, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलपाशी, पोचाल तेव्हा ऊन यायला लागलेलं असेल. एक गोष्ट आधीच सांगते. दुओमोची नक्षीदार दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे ती सकाळी सावलीत असते. गिबेर्ती या शिल्पकाराचे ते प्रसिद्ध सोनेरी दरवाजे समोरच्या बाप्तिस्तेरोला, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीला, पूर्वेकडून आहेत, पण मध्ये अख्खं कॅथेड्रल उभं असल्याने तिथेही ऊन उशिरा येतं. (तिथे आता प्रतिकृती आहे, मूळ दरवाजे मागच्या संग्रहालयात.) फोटोसाठी त्या बाजूला संध्याकाळी परत या. सकाळी गाईडला सांगून कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला जा, आग्नेय कोपऱ्यात.

तिथून मान वर करून बघा. घुमटाखालच्या आठ बाजूंपैकी एकाच बाजूला पांढऱ्या संगमरवराची कमानींची गॅलरी आहे आणि सकाळचं ऊन नेमकं तिच्यावर पडतं. बाकीच्या सात बाजू उघड्या, ओबडधोबड. मायकेलअँजेलो त्या गॅलरीला रातकिड्यांचा पिंजरा म्हणाला आणि काम तिथेच थांबलं, असं सांगतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बांधकामावर मुकादमी केली. ते तिथे वीस मिनिटं हलले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच होता: "सेंटरिंग कसं लावलं असेल?" सेंटरिंग म्हणजे बांधकाम पक्कं होईपर्यंत खालून दिलेला लाकडी आधार. गाईडने सांगितलं की जमिनीपासून लावलंच नाही. सुमारे ४५ मीटर रुंदीवर तेवढं लाकूड उभं करणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये दोन पदरांचा घुमट बांधला. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या, त्यांची रांग माशाच्या काट्यासारखी तिरकी वर चढत जाते. ओल्या चुन्यातला थर आत घसरू पाहतो, त्याला या उभ्या विटा धरून ठेवतात. बाबा म्हणाले, "म्हणजे प्रत्येक थर स्वतःच स्वतःचं सेंटरिंग." तिथेच दक्षिण बाजूला ब्रुनेलेस्कीचा बसलेला पुतळा आहे, मांडीवर नकाशा, नजर घुमटाकडे. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. आई-बाबांना चढवू नका, खालून जे कळतं ते पुष्कळ आहे.

पुढे ओरसानमिकेले लागेल. धान्यबाजाराची इमारत पुढे चर्च झाली, आणि शहरातल्या व्यवसाय-संघांनी बाहेरच्या कोनाड्यांत आपापल्या संतांचे पुतळे बसवले. आता कोनाड्यांत बहुतेक प्रतिकृती आहेत, तरी थांबा. सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याच्या प्रतिकृतीपेक्षा जमिनीतली गोल चकती शोधा. सावोनारोला या धर्मोपदेशकाला २३ मे १४९८ रोजी तिथे फाशी देऊन जाळलं. दिवसा तिच्यावरून शेकडो पाय जात असतात आणि कुणाला ती दिसत नाही.

पोन्ते वेक्किओ या जुन्या पुलावर मात्र दुकानं उघडायच्या आधीच पोचायला हवं. सोनारांची दुकानं बंद असतात तेव्हा त्यांच्या जाड लाकडी झडपा दिसतात, लोखंडी पट्ट्या आणि मोठे कडी-कोयंडे लावलेल्या. पूल नाही, आजीच्या पेटाऱ्यांची रांग वाटते. हात लावून बघा, लाकूड दवाने गार असतं. पूर्वी इथे खाटीक होते. १५९३ मध्ये इथल्या मेदिची या सत्ताधारी घराण्यातल्या फर्दिनांदोने त्यांना उठवून सोनार बसवले. त्यांच्या डोक्यावरून मेदिचींचा खासगी मार्ग जातो, वसारी या वास्तुकाराने १५६५ मध्ये लग्नसमारंभासाठी काही महिन्यांत उभा केलेला. दक्षिण टोकाला तो मार्ग एका बुरुजाला वळसा घालून जातो, कारण मान्नेल्ली घराण्याने आपला बुरुज पाडू दिला नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले आर्नो नदीवरचे बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला.

गाईड निवडताना त्याच्याकडे इटलीचा परवाना आहे का ते विचारा आणि गट दहाच्या आत आहे का तेही. रस्ते दगडी फरश्यांचे आहेत, पाणी मारलेलं असतं, म्हणून पकड असलेले बूट हवेत. कॉफी बारमध्ये उभ्याने घ्या, टेबलावर बसलं की दर वाढतो. पण आई-बाबांना बसवा, ते पैसे वाचवण्याजोगे नाहीत, शिवाय स्वच्छतागृहाचीही सोय होते. पत्ता शोधताना घरांचे आणि दुकानांचे क्रमांक वेगवेगळे चालतात हे लक्षात ठेवा. दुकानांचे लाल असतात, आकड्यापुढे 'आर' लिहितात. उफ्फिझी आणि अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

आणि एक माझ्या मनातलं. माझं माहेर कोल्हापूर. दुसऱ्या सकाळी टॅक्सी करून काशीने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला जा, कोणत्याही फेरीत ते नसतं. इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, जेमतेम विशीतले. मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे छत्री आहे आणि तिच्याखाली फुलर या शिल्पकाराने घडवलेला त्यांचा रंगीत अर्धपुतळा, १८७४ सालचा. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक 'इंदियानो'चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात. पंचगंगेच्या घाटावरच्या छत्र्या मी लहानपणापासून पाहिल्यात. इथे पोचले तेव्हा एक बाई कुत्रा फिरवत होती, तिने मला हात जोडताना पाहिलं आणि कुत्र्याला ओढून बाजूला थांबली. बरोबर थोडी फुलं न्या. सान्त आम्ब्रोज्यो बाजार सकाळी लवकर उघडतो, तिथे मिळतील.