कडकनाथची अंडी घरीच उबवायची आहेत पण कोंबडी बसतच नाही, मशीन घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की 6 कडकनाथ (काळ्या मांसाची जात) कोंबड्या आणि 1 कोंबडा आहे, अंडी रेग्युलर मिळतायत पण एकही खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणून छोटं इनक्युबेटर घ्यायचा विचार चाललाय. तुमच्या कोंबड्यांत काही खोट नाही हो. कडकनाथ जातच अंड्यावर बसायला नाखूश. वर्षाला 80-100 अंडी देईल, टाकेल आणि निघून जाईल, मागे वळून बघणार नाही. एखादी बसलीच तरी चौथ्या-पाचव्या दिवशी उठून उकिरड्यावर.

माझं स्पष्ट मत, पहिल्या खेपेला मशीन घेऊ नका, गावरान खुडूक कोंबडी शोधा. मी उलट केलं होतं, म्हणून सांगतोय. थर्माकोलचं मशीन आणलं, 24 अंडी लावली, त्यातली निम्मी कुरिअरने मागवलेली. डिस्प्लेवर 37.5 दिसायचं म्हणून मी निवांत, नंतर तापाचा साधा थर्मामीटर आत ठेवून बघितलं तर दीड डिग्रीचा फरक. त्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, रात्री 2 ला उठून मशीनवर गोधडी टाकायची. 20व्या दिवशी अंड्यांना टोचे पडले आणि मला काय राहवेना, दर तासाला झाकण उघडून बघायचो. इथेच माती खाल्ली. झाकण उघडलं की आतला दमटपणा जातो, आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि मग ते फिरूच शकत नाही, आतच गुदमरतं. 24 मधून 5 निघाली, त्यातलं एक पायाने अधू. कुरिअरच्या अंड्यातलं तर एकही नाही. (अशी अंडी आली तर टोकदार बाजू खाली करून एक दिवस तशीच ठेवायची आणि मग लावायची, हे मला नंतर कळलं.)

मग शेजारच्या काकूंची एक तांबडी गावरान कोंबडी खुडूक झाली होती, हात घातला की फुगून चोच मारायची, असलीच पाहिजे. ती मागून आणली. बोली अशी की निघालेल्या पिल्लांतली 2 काकूंना. जुन्या पाटीत राख, वर भाताचं तूस, थोडा कडुनिंबाचा पाला, कारण बसलेल्या कोंबडीला उवा-पिसवा झाल्या की ती अंडी सोडून उठते. अंडी 11 ठेवली, त्याहून जास्त तिच्या अंगाखाली मावत नाहीत आणि कडेची गार पडतात. अंडी 7 दिवसांच्या आतली घ्या, फ्रिजमधली नको, धुवायची तर अजिबात नाही. आणि कोंबडी बसवायची रात्री, अंधारात, दिवसा जागा बदलली की ती बिथरते. काकूंनी पाटीत एक लोखंडाचा खिळाही टाकला, वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून. मी काय वाद घातला नाही, कोंबडी त्यांची होती.

पुढे आपल्याला कामच नाही. अंडी तीच फिरवते, ऊब तीच सांभाळते, दिवसातून एकदा 15-20 मिनिटं उठून खाते, हगते आणि परत येते. दाणा-पाणी जवळ ठेवा, बस्स. 7व्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर फळलंय, एकदम स्वच्छ दिसलं तर काढून टाका. 18 दिवसांनंतर हात लावू नका. 21व्या दिवशी आमची 9 निघाली, काळसर-निळी, पाठीवर गडद पट्टे, आणि तांबडी आई त्यांना असं पंखाखाली घेऊन बसलेली की गल्लीतले लोक बघायला यायचे.

सीझन मात्र बघा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली बसवाल तर अंडी शिजल्यातच जमा.

आता एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुमच्या कोंबड्या आधी गावरान कोंबड्यात मोकळ्या फिरत असतील तर नुसता कडकनाथ कोंबडा आणून उपयोग नाही, आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात 2-3 आठवडे टिकतं. तेवढे दिवस वेगळं कोंडून ठेवा आणि त्या काळातली अंडी खाऊन टाका. आणि नुसतं काळं दिसलं म्हणजे शुद्ध असं नाही, मिक्स झालेली पिल्लंही कित्येकदा काळीच निघतात. तुरा, जीभ, पायाचे तळवे सगळं काळं आहे का बघा. काळी अंडी म्हणून कोणी विकत असेल तर तिथूनच परत फिरा, कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं, आणि रक्तही लालच असतं. 2018 मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हापासून नावाचं मार्केट फार वाढलंय. पुढच्याच वर्षी आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या स्कीमपायी (पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी-कोंबड्या आम्हीच परत विकत घेतो अशी बोली) शेतकरी किती बुडाले ते आठवत असेल.

पिल्लं निघाली की खरी कसरत. आई असेल तर बल्ब लागत नाही, पण पहिले 3 आठवडे जाळीच्या आतच ठेवा, आमची 2 घारीने आणि 1 मुंगसाने नेलं, तेही दिवसाढवळ्या, मी चहा पीत समोर बसलेलो. पाण्याचं भांडं उथळ, नाहीतर बुडतात. पहिला महिना चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) द्या, नुसत्या कणीवर वाढत नाहीत. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागलीच समजा.

आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. 5 ते 7 दिवसांत लासोटा, म्हणजे मानमोडीचीच लस, डोळ्यात एक थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या दुसऱ्या रोगाची, 28व्या दिवशी लासोटा परत. अडचण एवढीच की लासोटाची लहानातली लहान बाटली मला मिळाली ती 100 पिल्लांची, आणि एकदा कालवली की बर्फात ठेवूनही 2 तासांत संपवावी लागते. पहिल्या वेळी 9 पिल्लांसाठी 91 डोस मातीत ओतले. आता मी आदल्या दिवशी सगळ्या आळीत फोन करतो, मग सकाळी 6 ला बायका पाट्या-डालगी घेऊन आमच्या ओट्यावर हजर, आणि चहा आमच्याकडून.