कॉस्प्लेला मराठीत काय म्हणायचं? सोंग आणि संपादणी

प्रश्न एका वाचक बाईंचा आहे. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते आणि कॉस्प्ले करते. आवडत्या जपानी कार्टून मालिकेतल्या पात्राचा पोशाख स्वतः तयार करून, केसांचा टोप वगैरे चढवून कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि अशा मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जाते. बाईंच्या आई कुडाळला असतात. त्यांना फोनवर सांगताना बाई म्हणाल्या, ‘नात फॅन्सी ड्रेसला गेलीय.’ त्यावर मुलगी चिडली: ‘मी काय बालवाडीत आहे?’ ‘वेषांतर करून गेलीय’ म्हणून पाहिलं, तर आजीच धास्तावल्या. तेव्हा कॉस्प्लेला मराठीत धड शब्द आहे का, आणि ‘फॅन’ला ‘चाहता’ सोडून दुसरं काही म्हणता येईल का, असं बाईंनी विचारलं आहे.

शब्द आहे, आणि तो कुडाळच्या आजींना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. तो म्हणजे ‘सोंग’.

हा शब्द सुचवला की शहरातला माणूस लगेच तोंड वाकडं करतो. ‘सोंग’ म्हटलं की त्याला ‘ढोंग’ आठवतं. ‘नसती सोंगं करू नकोस’, ‘झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?’ अशीच वाक्यं त्याच्या कानात असतात. पण या वाक्यांत सोंग कशाचं आहे ते पाहा. झोपेचं, आजाराचं, वेडाचं, गरिबीचं. म्हणजे एखाद्या अवस्थेचं. आपण ज्या अवस्थेत नाही ती दाखवली की ती फसवणूक होते. आता दुसऱ्या बाजूची वाक्यं घ्या. ‘शंकराचं सोंग काढलं’, ‘रावणाचं सोंग आणलं’, ‘पुतनामावशीचं सोंग छान वठलं’. इथे सोंग एका पात्राचं आहे. बघणाऱ्याला ठाऊक असतं की हा शेजारच्या आळीतला अमुक आहे, आणि करणाऱ्यालाही ठाऊक असतं की बघणाऱ्याला ते ठाऊक आहे. कुणीच फसत नाही, सगळ्यांना आनंद मिळतो. क्रियापदंही बऱ्याचदा वेगळी असतात: खोट्याचं सोंग ‘घेतात’ किंवा ‘करतात’, पात्राचं सोंग ‘काढतात’, ‘आणतात’, ‘नाचवतात’, ‘वठवतात’. म्हणून ‘माझी मुलगी सोंगं करते’ म्हणालात तर अनर्थ होईल. ‘अमक्या पात्राचं सोंग काढते’ म्हणालात तर अर्थ नेमका पोचेल.

‘पैशाचं सोंग आणता येत नाही’ या म्हणीत ‘आणणे’ असूनही सूर खोटेपणाचा आहे, असं कुणी म्हणेल. पण तिथेही षष्ठीत अवस्था आहे, पात्र नाही. क्रियापदापेक्षा ‘कुणाचं, कशाचं’ हेच शेवटी अर्थ ठरवतं, असं माझं मत आहे.

हे सोंग महाराष्ट्रात किती ठिकाणी जिवंत आहे! जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देव-दैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून सांबळाच्या तालावर रात्रभर एकेक सोंग निघतं, आणि तिथे त्याला म्हणतातच ‘सोंग’. शिमग्याला कोकणात आणि गोव्यात सोंगं निघतात. विदर्भ-मराठवाड्यात सोंगी भजन, सोंगी भारूड आहे. नाशकात धुळवडीला वीरांच्या मिरवणुकीत लहान मुलं देवांची सोंगं घेऊन निघतात. आणि कुडाळ म्हटल्यावर दशावतार आलाच.

आता ‘कॉस्प्ले’ कुठून आला तेही पाहू, म्हणजे दोन शब्दांचं माप एकमेकांना लावता येईल. वेश करून जमणं जपानमध्ये सुरू झालं, असा समज आहे. तो खरा नाही. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून आले. मर्टलला सगळे ‘मोरोजो’ म्हणत, आणि दोघांचेही कपडे तिनेच शिवले होते. तिचं नाव पुष्कळदा मागे राहतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. शब्द मात्र जपानचा आहे. १९८० च्या दशकात नोबुयुकी ताकाहाशी या लेखक-प्रकाशकाने ‘माय अ‍ॅनिमे’ मासिकात तो रूढ केला. ‘कॉस्ट्यूम’ आणि ‘प्ले’ हे दोन इंग्रजी शब्द जपानी उच्चारात ‘कोसुचूमु’ आणि ‘पुरेई’ होतात. त्यांची डोकी तोडून जोडली की ‘कोसुपुरे’. ही तिथली नेहमीची रीत आहे. रिमोट कंट्रोलचं ‘रिमोकोन’, पर्सनल कॉम्प्युटरचं ‘पासोकोन’ तसंच झालं. मग हा तोडून जोडलेला शब्द परत इंग्रजीत गेला आणि ‘कॉस्प्ले’ होऊन आपल्याकडे आला. गंमत अशी की इंग्रजीत ‘कॉस्ट्यूम प्ले’ आधीपासून होतंच, पण त्याचा अर्थ ऐतिहासिक कपडेपटाचं नाटक. आपण ‘पोशाखी चित्रपट’ म्हणतो ना, तसं.

या शब्दाचे दोन भाग ध्यानात ठेवा: पोशाख आणि खेळ. ‘वेशभूषा’ म्हटलं की पहिलाच भाग येतो. दुसऱ्या भागासाठी मराठीत एक जुना आणि फार सुंदर शब्द आहे: ‘संपादणी’. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांचा दृष्टान्त येतो. ते राजा-राणी होतात, मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, पण लोकांपुढे ‘संपादणी’ मात्र तशीच करतात. म्हणजे घेतलेलं सोंग निभावणं, त्या रूपाला शोभेल तसं वागून दाखवणं. आज ‘संपादन’ म्हटलं की वर्तमानपत्राचं कार्यालय डोळ्यांपुढे येतं, आणि संपादणी कोशात जाऊन बसली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या भाषेने पोशाख आणि तो निभावणं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखून दोघींना नावं दिली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हा फरक मला कळला तो माझ्या भाचीमुळे. गेल्या हिवाळ्यात तिने एका योद्ध्या राणीचं चिलखत केलं. चपलांच्या तळव्यांना वापरतात तो फोम आणला, कागदाचे बेत कापून त्यावर ठेवले, कटरने कापला. हेअर ड्रायरने तापवून गुडघ्यावर दाबून छातीचा बाक आणला. फोमची बारीक छिद्रं रंग पितात, म्हणून पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन हात दिले, प्रत्येक हात वाळेपर्यंत गॅलरीत पंख्याखाली तुकडे मांडलेले. मग काळा रंग, त्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी, म्हणजे कडा घासलेल्या दिसतात. सहा आठवडे हे चाललं होतं. पण ते सगळं अंगावर चढवून ती दारात उभी राहिली तेव्हा ती माझी भाचीच होती, चिलखत घातलेली. कार्यक्रमाच्या ठिकाणी एका छोट्या मुलीने ‘फोटो काढू?’ विचारलं, आणि हिची मान वर झाली, खांदे मागे गेले, भाल्यावरची मूठ बदलली, नजर त्या मुलीवरून उचलून लांब कुठेतरी गेली. फोटो झाला आणि पुढच्या क्षणी ‘मामा, पाणी’ म्हणून परत भाची. मधला जो अर्धा मिनिट होता, ती संपादणी.

हेच मी सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत पाहिलं आहे. देवळामागे एक बल्ब, त्याखाली पेटाऱ्यावर बसून एक नट हातातल्या छोट्या आरशात पाहून चेहऱ्यावर रंग फासत होता. शेजाऱ्याशी भाताच्या भावाबद्दल बोलत होता. किरीट बांधला, उठला, आणि बोलणं थांबलं. वाटेत एका म्हातारीने त्याला नमस्कार केला. त्याने देवासारखा हात वर केला. तो हात भाताचा भाव सांगणाऱ्या माणसाचा नव्हता.

बाकीचे पर्याय का नको, ते थोडक्यात. ‘वेषांतर’ ओळख लपवण्यासाठी असतं. कॉस्प्ले करणाऱ्याला तर आपण कुणाचं रूप घेतलंय ते लोकांनी लांबूनच ओळखावं असं वाटतं. आजी धास्तावल्या त्या उगाच नाही, त्यांचा भाषेचा कान पक्का आहे. ‘तोतया’ तर सरळ गुन्हा आहे: पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो तोतया. ‘नक्कल’ चांगला शब्द आहे, जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला त्याच्या संवादांची जी वही मिळे तिलाही ‘नक्कल’च म्हणत, पण आज तो आवाज-लकबींपुरता उरला आहे. ‘वेशभूषा स्पर्धा’ म्हणजे शाळेतले टिळक आणि भेंडीची भाजी. तिथे पोशाख भाड्याचा, निवड आईबाबांची, आणि वाक्यं दोन. तुमच्या मुलीची चीड रास्त आहे, कारण कॉस्प्लेत निवड स्वतःची असते आणि त्या पात्रावरचं प्रेम आधीचं असतं.

‘बहुरूपी’ शब्दाला मात्र मी थोडा थबकतो. अर्थाने तो जवळचा आहे. पोलिसाचा वेश करून दारात येणारा, ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ म्हणून दरडावणारा आणि मग हसून पसाभर धान्य मागणारा बहुरूपी माझ्या लहानपणी आमच्या गावात यायचा. पण ते त्यांचं पोट होतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि त्याबरोबर हेटाळणीही त्यांनी सोसली. हौसेने केलेल्या गोष्टीला त्यांचं नाव सहज लावणं मला पटत नाही. उपमा म्हणून वापरा, पण आदराने. ‘सोंगाड्या’ही नको, तो तमाशातल्या विनोदी पात्राला कायमचा देऊन झाला आहे. म्हणून करणाऱ्या व्यक्तीला ‘कॉस्प्लेअर’ म्हणायला माझी हरकत नाही. क्रियेला मराठी शब्द चपखल बसतो, व्यक्तीला बसत नाही, तर ओढूनताणून घडवू नये.

आता ‘फॅन’. हा ‘फनॅटिक’चा तुकडा, आणि तो शब्द लॅटिनमधल्या ‘फानुम’ म्हणजे देऊळ यावरून आला: देवळात भान हरपलेला. ‘चाहता’त ते भान हरपणं नाही, चाहता लांबून टाळ्या वाजवतो. मराठीत तीव्रतेच्या पायऱ्या आहेत. नाटकाचा रसिक, गाण्याचा दर्दी, कुस्तीचा शौकीन, आणि ज्याला काही सुचत नाही तो ‘नाटकवेडा’. बालगंधर्वांच्या साडी नेसण्याची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत, त्याला फॅनपण नाही तर काय म्हणायचं? त्या बायकांना ‘चाहत्या’ म्हणणं अपुरंच वाटतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी नेमाने जाणारे आपल्या जाण्याला ‘वारी’ म्हणतात, तेव्हा नकळत त्या लॅटिन देवळापर्यंतच पोचतात. तुमच्या मुलीसाठी मी ‘तिला अमक्या मालिकेचं वेड आहे’ एवढंच म्हणेन. मराठीत ‘वेड’ हा अशा ठिकाणी कौतुकाचा शब्द आहे.

एक बारीक गोष्ट राहिली, ती विचारली नाहीत तरी पुढे अडेल. ‘कॉस्प्ले’ हाच शब्द वापरायचा झाला तर लिंग कोणतं? तरुण मुलांत मला ‘कॉस्प्ले केला’ आणि ‘कॉस्प्ले केलं’ दोन्ही ऐकू येतं. ‘डिस्प्ले’ आपण पुल्लिंगी करून टाकला आहे, तोच ध्वनी इथे आहे, म्हणून मी ‘केला’ म्हणतो. ‘कॉझप्ले’ असा उच्चार करणारे भेटतील. इंग्रजीत तसा होतो. मूळ जपानीत मात्र ‘स’च आहे. आणि आजींशी बोलताना या कशाचीच गरज नाही. ‘आई, तुझ्या नातीने एका जपानी गोष्टीतल्या राणीचं सोंग काढलंय, कपडे सगळे तिनेच केलेत’ म्हणा. पुढचा प्रश्न त्या बरोबर विचारतील: ‘वठलं का?’