जुना बेलर (गवत दाबून पेंढ्या बांधणारं यंत्र) हाती घेताय?
गाठ सुटली की लगेच नॉटर, म्हणजे गाठ मारणारा भाग, खोलायला बसू नका. आधी सुतळी बघा. ओलसर किंवा जाड-बारीक असेल तर बिचाऱ्या यंत्राला दोष कशाला? मी एकदा अख्खी दुपार स्प्रिंग आवळण्यात घालवली. निघालं काय, तर नॉटरच्या बिलहुकवर, म्हणजे गाठ वळणाऱ्या आकड्यावर, गंज! बारीक पॉलिश पेपरने घासला, बोटाला गुळगुळीत लागला, पुढच्याच पेंढीला गाठ पक्की.

फ्लायव्हीलचा (जड चाकाचा) शिअर बोल्ट तुटला तर वैतागून कडक बोल्ट ठोकू नका. शिअर बोल्ट जास्त ताण आला की तुटण्यासाठीच असतो, नाहीतर सुतळी ओवणाऱ्या सुया वाकतात. पीटीओ (बेलर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा. प्लंजरचा, म्हणजे गवत दाबणाऱ्या दट्ट्याचा, ठेका कानाला एकसारखा लागला पाहिजे.

आत हात घालण्याआधी ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. फ्लायव्हील जड असतं, नंतरही बराच वेळ फिरत राहतं.