सीझनचं लॉगिन कोणाचं? काळ्या खिडकीतून खात्यांची चौकशी

प्रश्न: देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. पॅकिंग शेडमध्ये जुना कॉम्प्युटर आहे, मामेभावाने त्यावर उबंटू 22.04 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलंय. दर वर्षी पेट्यांची एंट्री करायला कोणीतरी मुलगा ठेवतो, त्याला नवीन लॉगिन बनवून देतो, मे संपला की तो जातो पण लॉगिन तसंच राहतं. आता सुरुवातीच्या स्क्रीनवर पाच नावं येतात आणि त्यातलं ‘पेटी एंट्री’ नक्की कोणाचं ते घरात कोणालाच आठवत नाही. मी डिलीट करायला निघाले होते तर बाबा म्हणाले, “हात लाव नको, बंद पडतलो तो.” टर्मिनलमधून सगळं कळतं असं ऐकलंय, पण त्या काळ्या खिडकीची भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, बाबांचं अर्धं बरोबर आहे, डिलीट करू नका. पण बघायला काहीच हरकत नाही, कारण आज मी ज्या कमांड सांगतोय त्यातल्या शेवटच्या दोन सोडल्या तर बाकीच्या फक्त वाचतात, काही बदलत नाहीत, चुकलं तर जास्तीत जास्त एरर येईल आणि खिडकी बंद केली की झालं. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, टर्मिनल उघडेल. पहिली कमांड गेटएंट, म्हणजे जी-ई-टी-ई-एन-टी, मग स्पेस, मग पासवर्ड, पण त्यातले ओ आणि आर गाळून, म्हणजे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. एंटर मारलं की चाळीस-पन्नास ओळी सरसर येतील आणि तुम्हाला वाटेल आपल्या शेडमध्ये एवढी माणसं कधी आली, तर ती माणसं नाहीतच. प्रिंटर, नेटवर्क, आवाज अशा सिस्टीमच्या कामांसाठी बनवलेली ती खाती आहेत, त्यांच्या ओळीच्या शेवटी बहुतेक ‘नोलॉगिन’ किंवा ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं म्हणजे त्यांना आत येताच येत नाही. माणसांची खाती उबंटूत 1000 नंबरपासून सुरू होतात. 65534 नंबरचा ‘नोबडी’ दिसेल, तो पण सिस्टीमचाच, त्याला सोडून द्या.

आता तुमच्या कामाची ओळ साधारण अशी दिसेल:

सीझन3:एक्स:1003:1003:पेटी एंट्री,,,:/होम/सीझन3:/बिन/बॅश

मध्ये कोलन आहेत ना, त्यांनी ओळीचे सात भाग पडतात. पहिला भाग खात्याचं खरं नाव. दुसऱ्यात नुसता एक्स, त्याचा अर्थ पासवर्ड इथे नाहीये, तो शॅडो नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये आहे आणि तिथेही तो जसाच्या तसा नसतो, त्याचं वाचता न येणारं रूप असतं. मग खात्याचा नंबर, मग ग्रुपचा नंबर, पाचव्यात पूर्ण नाव, सहाव्यात त्याचं फोल्डर आणि सातव्यात शेल, म्हणजे आत आल्यावर कमांड ऐकणारा प्रोग्रॅम.

तुमचं कोडं पाचव्या भागात आहे. लॉगिन स्क्रीनवर जे नाव झळकतं ते हे पूर्ण नाव असतं, खात्याचं खरं नाव नव्हे. म्हणजे ‘पेटी एंट्री’ कोणी पाहुणा नाही, तुमच्याच घरी कोणीतरी खातं बनवताना मुलाच्या नावाच्या जागी कामाचं नाव टाकलंय. खरं नाव आणि नंबर बघितला की तो कितव्या सीझनचा ते बऱ्याचदा लगेच लक्षात येतं, कारण नंबर साधारण क्रमाने वाढत जातात. (या पाचव्या भागाला जुनी माणसं जीकॉस म्हणतात. बेल लॅब्समध्ये प्रिंट काढायला जनरल इलेक्ट्रिकची जीकॉस सिस्टीम चालवणारं मशीन होतं, तिथे काम पाठवताना लागणारी ओळख या रकान्यात ठेवायचे, ते मशीन गेलं पण रकान्याचं नाव राहिलं.)

पुढे आयडी, स्पेस, सीझन3. यात बघायची गोष्ट एकच, ग्रुपच्या यादीत ‘27 सुडो’ आहे का. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची परवानगी, पुढे काही कमांडींच्या आधी हाच शब्द येईल. असेल तर दोन महिन्यांसाठी ठेवलेल्या त्या मुलाला तुम्ही अख्ख्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि त्या अजून त्याच्याकडेच आहेत. मी हे नीट सांगतोय कारण अशा ठिकाणी घाईत सगळ्यांना ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर टिचकी मारून खाती बनवलेली मी पाहिली आहेत, मुलगा प्रामाणिक असतो, प्रश्न त्याचा नाहीच, पण त्याचा पासवर्ड बहुतेक वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो.

तो शेवटचा कधी आला होता? लास्ट, स्पेस, सीझन3. आल्या-गेल्याच्या तारखा-वेळा खाली येतील, सगळ्यात नवीन वर. काही ओळींच्या शेवटी ‘क्रॅश’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, कॉम्प्युटर नीट बंद न होता गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि वारा सुटला की आपल्याकडे लाईट कशी जाते ते तुम्हाला मी काय सांगू, देवगडच्या मशीनवर ते क्रॅश दिसलेच पाहिजेत. दुसरं म्हणजे जुन्या मशीनच्या आतला घड्याळाचा सेल गेला असेल आणि नेट पण नसेल तर तारखाच भलत्या येतात, म्हणून आधी नुसतं डेट टाइप करून आजची तारीख बरोबर आहे का बघून घ्या. आणि ही नोंदवही फार मोठी झाली की सिस्टीम जुना भाग बाजूला काढते, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं दिसेलच असं नाही.

इथे एक फसवी जागा आहे. बरेच जण लास्टलॉग ही कमांड सुचवतात, ती सगळ्यांची यादी एकदम देते म्हणून छान वाटते, पण डेस्कटॉपच्या स्क्रीनवरून रोज आत येणाऱ्या माणसापुढेही ती ‘कधीच लॉगिन केलं नाही’ असं दाखवू शकते. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून चालू खातं उडवाल आणि मग पेट्यांचा हिशोब शोधत बसाल. लास्टवरच भरवसा ठेवा.

पासवर्ड कधीचा आहे ते बघायचं तर सुडो, स्पेस, चेज, स्पेस, वजा-एल, स्पेस, सीझन3. चेजचं स्पेलिंग सी-एच-ए-जी-ई, चेंजमधला एन गाळलेला. हा तुमचा स्वतःचा पासवर्ड विचारेल, टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेही उमटणार नाहीत, कीबोर्ड बिघडला असं समजू नका.

आता डिलीट का नको ते. लिनक्समध्ये फाईलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर लिहिलेला असतो. तुम्ही 1003 उडवलात आणि त्याच्या फाईली मागे राहिल्या, की त्या फाईलींपुढे नावाऐवजी नुसता 1003 दिसायला लागतो. पुढच्या मोसमात नवीन मुलाचं खातं बनवलं, सिस्टीमने रिकामा झालेला 1003 त्याला दिला, की तो आपोआप जुन्या मुलाच्या सगळ्या फाईलींचा मालक! मागच्या वर्षीची बागायतदारांची येणी-देणी, आगाऊ दिलेले पैसे, सगळं त्याच्या हातात, आणि कोणी काही चोरलेलं पण नाही. म्हणून आधी सुडो फाइंड, स्पेस, स्लॅश-होम, स्पेस, वजा-युजर, स्पेस, सीझन3 असं करून त्याच्या फाईली कुठेकुठे आहेत ते बघा, पेनड्राइव्हवर कॉपी घ्या, आणि खातं तसंच ठेवून त्याला कुलूप लावा.

कुलपाची कमांड: सुडो युजरमॉड, वजा-एल (हा एल मात्र मोठा), वजा-ई, 1, सीझन3, प्रत्येकात स्पेस. मोठ्या एलने पासवर्ड बंद होतो आणि ‘ई 1’ मुळे खात्याची मुदतच संपते. नुसता पासवर्ड बंद केला तर दुसऱ्या मार्गाने आत यायची वाट उरू शकते, म्हणून दोन्ही. टाइप करताना नाव दोनदा वाचा, स्वतःचंच खातं बंद करू नका.

आणि येत्या सीझनला मुलाचं खातं बनवाल त्याच दिवशी सुडो चेज, वजा-ई (मोठा), मग वर्ष-06-01 अशी तारीख, मग खात्याचं नाव, एवढं करून टाका. 1 जून उजाडला की ते खातं आपोआप बंद, तेव्हा तुम्ही शेवटच्या पेट्या आणि पावसाच्या गडबडीत असाल तरी चालेल.

प्रश्न: मी मुंबईत युनिक्सवर काम करायचो, निवृत्त होऊन गुहागरला आलोय. आमच्या वेळी फिंगर म्हणून कमांड होती, एका फटक्यात माणसाची कुंडली यायची. वाचनालयाच्या लिनक्सवर टाकून बघितली तर कमांड सापडली नाही म्हणतंय. काढून टाकली का?

उत्तर: काका, तुमच्या पत्राने खूप बरं वाटलं. फिंगर लेस अर्नेस्ट यांनी 1971 च्या सुमारास स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लिहिली. तिथे लोक कोण कामावर आहे ते बघायला यादीवरून बोट फिरवत खाली यायचे, त्यावरून हे नाव. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये प्लॅन नावाची फाईल ठेवली की फिंगर करणाऱ्याला तीही दिसायची, माणसं ‘जेवायला गेलोय’ पासून कामाच्या आखणीपर्यंत काय काय लिहायची.

पण ती नेटवर्कवरून, 79 नंबरच्या पोर्टवर, कोणालाही उत्तर द्यायची, आणि 2 नोव्हेंबर 1988 ला सुटलेल्या मॉरिस वर्मने (नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) मशीनमध्ये शिरायला जे मार्ग वापरले त्यातला एक फिंगरच्या सर्व्हरमधली चूक हा होता. पुढे अनोळखी माणसाला आपल्या लोकांची माहिती वाटणं कोणालाच परवडेना, आणि आता बऱ्याच लिनक्समध्ये ती आधीपासून येत नाही. नेट असेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल फिंगर करून घेता येते, पण तुम्हाला त्याची गरजच नाही, तुमच्या मशीनवर पिंकी आहे! पी-आय-एन-के-वाय, म्हणजे करंगळी, फिंगरचीच धाकटी बहीण. पिंकी, स्पेस, वजा-एल, स्पेस, खात्याचं नाव, आणि नाव, फोल्डर, शेल, प्लॅनची फाईल असली तर तीसुद्धा, सगळं येईल. ती फक्त त्याच मशीनपुरती बघते, बाहेर कोणाला काही सांगत नाही, वाचनालयाला तेच हवंय.

प्रश्न: हर्णैच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत विंडोज आहे. जुने सेक्रेटरी गेले, आता अ‍ॅडमिन कोण ते कसं बघायचं?

उत्तर: दादा, स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. नेट, स्पेस, युजर असं टाकलं की सगळी खाती दिसतील, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, गेस्ट, डिफॉल्टअकाऊंट आणि डब्ल्यूडीएजी ने सुरू होणारं एक लांबलचक नाव, ही विंडोजचीच असतात, ती कोणी गुपचूप बनवलेली नाहीत. मग नेट युजर आणि पुढे एखादं नाव, नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्हात. खाते चालू आहे की बंद, पासवर्ड शेवटचा कधी बदलला, शेवटचं लॉगिन कधी, सगळं ओळीने येतं, आणि अगदी खाली ग्रुप. अ‍ॅडमिनची यादी एकदम हवी तर नेट, स्पेस, लोकलग्रुप, स्पेस, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, शेवटचा एस विसरू नका नाहीतर ग्रुप सापडत नाही म्हणेल. एखादं नाव पाचच अक्षरांचं, अर्धवट तोडल्यासारखं दिसलं तर तो बहुतेक ईमेल वापरून बनवलेला अकाऊंट असतो, विंडोज ईमेलची पहिली पाच अक्षरं उचलतं, त्यावरून कोणाचं ते ओळखू येईल.

जुन्या सेक्रेटरींचा पासवर्ड यातून दिसणार नाही. त्यांना सरळ फोन करा, एकदा येऊन त्यांच्या हाताने नव्या सेक्रेटरींचं खातं अ‍ॅडमिन करून द्यायला सांगा, आणि ते समोर असतानाच लोकलग्रुपची कमांड परत चालवून नवीन नाव यादीत आलंय ना ते बघून घ्या.