दहावी मस्कतची, बारावी यवतमाळची, मग ॲडमिशनचं काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. पोरगी दहावीपर्यंत मस्कतच्या सीबीएसई शाळेत शिकली, मग मिस्टरांचं तिथलं काम सुटलं अन् तुम्ही दारव्ह्याकडे गावी परत आलात, आता ती यवतमाळला स्टेट बोर्डाच्या बारावीत आहे अन् लोक म्हणतात "दोन देशात शिकलेल्या पोरीले कोणतंच कॉलेज घेत नाही". असं काही नसते बाप्पा, आधी ते डोक्यातून काढा. शाळा मस्कतला असली तरी सीबीएसई आपलंच बोर्ड आहे, त्यामुळे एआययूचं (भारतीय विद्यापीठांच्या संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी बोर्डाची परीक्षा आपल्या बरोबरीची असल्याचा दाखला, लागत नाही. ब्रिटिश बोर्डाची दहावी असती तर ते काढावं लागलं असतं.

खरी अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही लिहिलं की तिला डॉक्टर व्हायचंय, नाही जमलं तर इंजिनिअरिंग, पण या दोन्हीचे नियम सारखे नाहीत. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीत, टाईप ए म्हणजे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातली, त्यात ती बसत नाही, पण तिचं किंवा तुमच्या दोघांपैकी एकाचं डोमिसाइल (महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला) असलं की टाईप बीमध्ये बसते अन् राज्याच्या जागा मिळू शकतात. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतून जाताना होम स्टेट, म्हणजे पोरगी कोणत्या राज्याची, हे बघतात ते बारावी कुठून केली त्यावरून, म्हणजे तिथंही ती महाराष्ट्राचीच.

मेडिकलचं मात्र स्पष्ट सांगते, कारण हे ऐन काउन्सेलिंगच्या वेळी कळलं तर घर हादरते. एमबीबीएसच्या राज्याच्या ८५ टक्के कोट्याला डोमिसाइल तर लागतेच, शिवाय दहावी अन् बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पाहिजे, सूट आहे ती मुख्यतः सरकारी नोकरदारांच्या मुलांना. तिची दहावी तिथंच अडते. ऑल इंडियाचा १५ टक्के कोटा उघडा आहे, नागपूर एम्सलाही डोमिसाइल विचारत नाहीत, पण तिथं मार्क खूप लागतात. म्हणून मेडिकलची नीट परीक्षा तिनं मनापासून द्यावी, अन् इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटीचा फॉर्म अजिबात सोडू नये. त्या वर्षीचं प्रवेशाचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा, कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

आता कागदं. सीबीएसईच्या मार्कशीटवर आधी पोरीचं नाव येते अन् आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, तेवढ्यानं घाबरायचं नाही, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बघा, बारावीची मार्कशीट छापून आल्यावर दुरुस्तीला लई चकरा होतात. डोमिसाइलसाठी सेतू केंद्रात या महिन्यातच अर्ज टाका. अन् मस्कतच्या शाळेतून टीसीची कॉपी राहिली असेल तर ईमेल करून मागवून घ्या, ओळखीचे लोक तिथं आहेत तोवर ते सोपं आहे.