वाचकांचे प्रश्न : दहा वाजताचं ताट

प्रश्न : ऑफिस फोर्टला, घर बदलापूरला. घरी पोचायला पावणेदहा होतात, जेवायला सव्वादहा आणि अकराला झोप. दोन वर्षांत सहा किलो वजन वाढलं. उशिरा जेवतेस म्हणूनच, असं घरचे म्हणतात. खरं आहे का? लोकलची वेळ तर माझ्या हातात नाही.
– एक वाचिका, बदलापूर

उत्तर : घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. दहा वाजता खाल्लेल्या भाकरीत आठ वाजताच्या भाकरीपेक्षा जास्त कॅलरी नसतात. वजन मुख्यतः दिवसभरात एकूण किती खाल्लं यावर ठरतं. वेळेचा परिणाम होतो तो बराचसा भुकेच्या वाटेनं.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०२२ साली वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच जेवण, तेवढंच, पण सुमारे ४ तास उशिरा देऊन पाहिलं. उशिरा जेवल्यावर त्यांची भूक वाढली, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटलं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही थोडा कमी झाला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ३० जणांना ४ आठवडे सकाळी भरपेट आणि ४ आठवडे रात्री भरपेट असा आहार दिला. एकूण कॅलरी सारख्याच होत्या. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, पण सकाळी भरपेट खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी लागली. ऊर्जेच्या खर्चात ॲबर्डीनला फरक दिसला नाही, म्हणजे त्या बाबतीत दोन्ही अभ्यास जुळत नाहीत, भुकेच्या बाबतीत जुळतात. प्रयोगात जेवण मोजून मिळतं. घरी भूक वाढली की हात पुन्हा डब्याकडे जातो, आणि वजन तिथे वाढतं.

तुमच्या दिवसात एकचा डबा आणि सव्वादहाचं जेवण यांत नऊ तासांचं अंतर आहे. एवढा वेळ कोणाला काढता येत नाही. सात-साडेसातला स्टेशनबाहेर वडापाव होतो, म्हणजे साधारण ३०० कॅलरी. घरी आल्यावर ताट होईपर्यंत उभ्याउभ्या मूठभर फरसाण जातं. ३० ग्रॅमच असतं, पण दीडशे कॅलरी आल्याच. त्यावर पूर्ण जेवण, आणि ‘दिवसभर नीट खाल्लं नाही’ म्हणून एक पोळी जास्त. तुमच्याकडे नेमकं हेच होतं असं नाही, पण आठवडाभर वहीत वेळेसकट लिहून बघा. गळती कुठे आहे ते सापडेल.

लोकलची वेळ बदलणार नाही, जेवण मात्र दोन भागांत वाटता येतं. ऑफिसातून निघण्याआधी, साडेसहा-सातला, अर्धं जेवण उरकायचं. त्यासाठी सकाळीच दुसरा छोटा डबा भरा. पण त्यात ओलं खोबरं घातलेली उसळ किंवा रश्शाची भाजी नको. सकाळी सहाला भरलेली अशी भाजी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते, आणि मग डबा तसाच घरी येतो. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आणि शेंगदाण्याची सुकी चटणी टिकते. तेही जमलं नाही तर ४० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं. या फुटाण्यांतून आठेक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दीड-दोन तास पोट शांत राहतं. रात्री दहाला मग एक भाकरी किंवा पोळी, वाटीभर भाजी, वाटीभर आमटी. हा संध्याकाळचा छोटा डबा रोजच्या खाण्यात ‘भर’ म्हणून घेऊ नका, रात्रीच्या ताटातून तेवढं कमी झालंच पाहिजे. ही योजना फसते ती बहुतेक इथेच.

आणखी एक, भाजीचं तेल चमच्यानं मोजा. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली तेलाच्या साधारण ४० कॅलरी होतात. बुधलीतून थेट कढईत ओतलं की चार माणसांच्या भाजीत सहा-सात चमचे सहज पडतात. तीन चमच्यांत ती नीट होते. फोडणी मंद आचेवर करा आणि भाजी झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून वाफवा, म्हणजे खाली लागत नाही.

प्रश्न : रात्री भात बंद केला, फक्त पोळी खातो. वजन तरीही हलत नाही. असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कारण भात आणि पोळी यांत तुम्ही समजता तेवढा फरक नाही. ३० ग्रॅम तांदळाचा भात शंभर-एकशेदहा कॅलरींचा होतो आणि ३० ग्रॅम कणकेची पोळीही तेवढीच, वर तेल लावलं तर जास्त. भाताची अडचण वेगळी आहे. तो मऊ असतो, चावावा लागत नाही, भराभर खाल्ला जातो आणि दुसऱ्यांदा नकळत वाढून घेतला जातो. आवडत असेल तर एक मूद भात, घट्ट वरण आणि एक छोटा चमचा तूप खुशाल घ्या, आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा.

प्रश्न : रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. दोन उशा घेतल्या तरी थांबत नाही.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. जठर भरलेलं असताना आडवं झालं की वजनानं खाली राहण्याची सोय संपते, आणि झडप सैल असेल तर आम्ल वर येतं. म्हणून जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा. तेवढे जमत नसतील तर निदान रात्रीचं ताट अर्धं करा आणि तळलेलं, कॉफी, चॉकलेट, पुदिना दुपारीच संपवा.

उशांनी उलट त्रास वाढतो. मान आणि पाठ वाकते, कंबरेत घडी पडते आणि पोटावर दाब येतो. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. ठोकळ्याला वर खोलगट खाच करून घ्या, नाहीतर कूस बदलताना पलंगाचा पाय घसरतो. जमिनीवर झोपत असाल तर कंबरेपासून वर उतार होईल अशा घड्या गादीखाली घाला. डाव्या कुशीवर झोपल्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो.

गिळताना अडकत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ती ॲसिडिटी समजून सोडा घेत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, रात्री ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. संध्याकाळी सातनंतर काहीच खायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गोळीची वेळ न बदलता अजिबात नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सातला जेवून नऊला गोळी घेतली किंवा जेवणच टाळलं, तर मध्यरात्री साखर खाली जाऊ शकते, आणि झोपेत ते कळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. डॉक्टरांना सांगून आधी गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्या, मग जेवण अलीकडे आणा.

थरथर, घाम, धडधड असं झालं आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर ते शुद्धीवर असताना तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

लवकर जेवण्याची त्यांची कल्पना मात्र मुळात चांगली आहे. २०२० साली बाल्टिमोरच्या अभ्यासात २० निरोगी माणसांना तेच जेवण सहाऐवजी रात्री दहाला दिलं, तर रक्तातल्या साखरेचा उच्चांक सुमारे १८ टक्क्यांनी वर गेला. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि इन्शुलिनचं काम मंदावतं. वडिलांच्या बाबतीत फरक किती पडतो ते घरीच दिसेल. गोळीचं ठरल्यावर तीन दिवस आठला आणि तीन दिवस साडेनऊला, तेच आणि तेवढंच जेवण द्या, आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजून लिहा. जेवल्यावर १५ मिनिटं शतपावली करायला लावा, घरातल्या घरात केली तरी चालेल.

प्रश्न : मी नर्स आहे, महिन्यात दहा रात्रपाळ्या. आमची तर रात्रच उलटी, आम्ही काय करावं?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : २०२१ साली रात्रपाळीचं वेळापत्रक देऊन १९ जणांवर झालेल्या प्रयोगात रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. म्हणून ड्यूटीला निघण्याआधी आठला पूर्ण जेवण करा. रात्री बारा ते पाच शक्यतो पोटभर खाऊ नका. भूक लागलीच तर उकडलेलं अंडं, ताक किंवा मूठभर फुटाणे, बिस्किटांचा पुडा नको. शेवटचा चहा दोनच्या आत. सकाळी घरी आल्यावर उपाशी झोपू नका, भुकेनं अकराला जाग येते. छोटी वाटी उपमा किंवा एक धिरडं खा, पडदे ओढा आणि झोपा.